आमची वाटचाल : शिरोलीची भट्टी आणि उणे 40 ची खाण

वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गुऱ्हाळाचे आणि ऑइल इंजिनचे पार्ट ओतायला सुरुवात केली, पुढं आम्ही भाऊ शिरोली एमआयडीसीत आलो, इंडक्शन फर्नेस (लोखंड वितळवायची विजेची भट्टी) घेतली, पंपाची कामं वाढली. मग थंड देशातल्या सोन्याच्या प्लांटसाठी स्लरी पंपाच्या, म्हणजे दगडाचा चिखल ढकलणाऱ्या पंपाच्या, बॉडीची चौकशी आली, ड्रॉइंगवर खाली लिहिलेलं, उणे 40 अंश.

नुसतं कास्टिंग ओतून द्यायचं मला पटेना, म्हणून तिथं काय चालतं ते समजून घेतलं. दगड बारीक दळून त्याच्या चिखलात सायनाइड आणि हवा सोडतात, सोनं हळूहळू विरघळतं. थंडीत ही रिअ‍ॅक्शन मंदावते. पण गंमत बघा, गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, 25 अंशाला लिटरमागं साधारण 8 मिलिग्रॅम आणि शून्याला 14 च्या वर, म्हणजे थोडी भरपाई तिथंच होते, पूर्ण मात्र होत नाही, म्हणून चिखल टाकीत जास्त वेळ ठेवायचा नाहीतर गरम करायचा. विरघळलेलं सोनं मग कार्बनच्या, म्हणजे खास कोळशाच्या दाण्यांवर धरतात; त्यावर ते गारव्यात जास्त बसतं पण वेळ लावतं, आणि ते परत सोडवायला कॉस्टिक सोड्याचं उकळतं पाणी लागतंच. उघड्यावर दगडाचा ढीग लावून त्यावर सायनाइडचं पाणी ठिबकतात तिथं ठिबकच्या नळ्या गोठू नयेत म्हणून गाडून टाकतात, अलास्कात फोर्ट नॉक्सच्या खाणीत असं ढिगावरचं काम बारा महिने चालतं.

आमच्याशी थेट संबंध पाण्याचा. 5 अंशाचं पाणी 25 अंशापेक्षा जवळपास पावणेदोनपट चिकट, म्हणजे वाहायला जड, गाळ उशिरा बसतो, पंपावर लोड येतो. आणि प्लांट बंद पडून आतला चिखल गोठला तर बॉडीला तडा जायची भीती.

म्हणून आम्ही एसजी आयर्नची (सहज न तडकणारं ओतीव लोखंड) 350-22-एलटी ही थंडीत टिकणारी ग्रेड धरली. सिलिकॉन, फॉस्फरस कमी ठेवायचा, पर्लाइट (लोखंडातली कडक, थंडीत ठिसूळ रचना) येऊ द्यायचा नाही, स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते दाखवणारं मशीन) बघूनच ओतायचं. चार्पीला, म्हणजे हातोडा मारून तोडायच्या चाचणीला, 10 बाय 10 मिलिमीटरची, खाच पाडलेली पट्टी उणे 40 च्या बाथमध्ये ठेवतात, बाहेर काढल्यावर 5 सेकंदात हातोडा पडलाच पाहिजे, तोडायला सरासरी 12 ज्यूल ऊर्जा लागायला हवी. तुटलेलं तोंड काळपट, मळकट दिसलं की आमचे फोरमन मामा मान हलवतात, चकाकलं की सगळी हीट, म्हणजे त्या एका वितळीचा सगळा माल, बाजूला.

आता कुणाचीही इन्क्वायरी आली की रेट द्यायच्या आधी आम्ही दोन गोष्टी विचारतो, बाहेरचं सगळ्यात कमी तापमान किती आणि आतल्या चिखलाचं किती.