स्वयंपाकघरासाठी २४ इंची टीव्ही: नाशिकच्या बाजारात जाणाऱ्यांसाठी

रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानात २४ इंची टीव्हीचा भाव ७,२०० सांगितला. पसंत केला, खोका खाली काढायला लावला, आणि बिल करायच्या वेळी मालक म्हणाले, "ताई, जीएसटी वेगळा हं." १८ टक्क्यांचे १,२९६. भिंतीच्या ब्रॅकेटचे ६००, माणूस येऊन बसवेल त्याचे ५००. ७,२०० चे ९,५९६ झाले! वर पुन्हा, "बिल नको असेल तर ७,२०० लाच न्या." बिलाशिवाय कंपनी वॉरंटी कशी देईल, असं जाऊबाईंनी विचारलं तर "आमच्याकडे आणा ना, आम्ही आहोत." आम्ही तिथून निघालो.

म्हणून दुकानात शिरल्यावर पहिलाच प्रश्न हा विचारा: पक्क्या बिलासकट, भिंतीवर बसवून, एकूण किती? उत्तर कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर पुढच्या दुकानात जा. खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर कोणी जीएसटी लावला तर सरळ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

'जीएसटी उतरलाय, म्हणून स्वस्त देतोय' असंही ऐकवतात. २२ सप्टेंबर २०२५ ला कर २८ चा १८ झाला तो ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवर. ३२ इंचांपर्यंत जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे. लहान टीव्हीवर या कारणाने सूट दाखवली, तर आधीचा भाव फुगवलेला आहे असंच समजा.

कॉलेज रोडची मोठी शोरूम या कामाला निरुपयोगी. २४ इंची म्हटलं की विक्रेता ४३ इंचीसमोर नेऊन उभं करतो. महात्मा गांधी रोडवर माल दिसतो, पण गाडी लावायला जागा मिळेपर्यंतच जीव जातो. शालिमारला उतरून चालत जा. बुधवारी मात्र तिकडे फिरकूच नका, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारामुळे रविवार कारंज्यापर्यंत सगळं तुंबलेलं असतं. उन्हात त्या गर्दीतून चालून आम्ही इतक्या दमलो होतो की मिळेल तो टीव्ही घेऊन घर गाठावं असं वाटत होतं. तशा अवस्थेत पैसे देऊ नका. आधी बसा, उसाचा रस प्या.

घरून निघतानाच भिंतीचं माप घ्या. २४ इंची पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो, ३२ इंची ७१. कडेची चौकट वेगळी. फ्रिज आणि फडताळाच्या मधे आमच्याकडे ३२ बसतच नव्हता.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा दुकानात कोणी करू देत नाही, तरी हट्टाने करा. ओट्यापाशी टीव्ही डोळ्यांच्या वर लागतो. म्हणून चालू टीव्हीसमोर खाली वाकून, वर मान करून बघा. स्वस्तातल्या कितीतरी पडद्यांवर खालून माणसांचे चेहरे काळे पडतात आणि केसांच्या कडा पांढुरक्या दिसतात. समोरून तोच टीव्ही झकास दिसतो, आणि विक्रेता तुम्हाला समोरच उभं करतो. आवाजही तपासा, दुकानातला पंखा चालू ठेवून. मिक्सर राहू द्या, एक्झॉस्ट लावल्यावर तरी बातम्या कळायला हव्यात.

लहान 'स्मार्ट' टीव्ही घेऊ नका. १ जीबी रॅमवर तो रडतखडत चालतो. साधा घ्या, हवी तर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक लावा. दुसऱ्या केबल जोडणीचा महिन्याचा खर्च नको असेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे, तिला मासिक भाडं नाही. सासूबाईंना सह्याद्री आणि बातम्या पुरतात. मागच्या बाजूला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, बीआयएस केअर ॲपवर तो लगेच पडताळता येतो. क्रमांक नसलेला टीव्ही फुकट दिला तरी गॅसच्या शेजारी लावू नका.

आम्ही शेवटी सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ घेतला. पक्क्या बिलासकट, ब्रॅकेट लावून ७,४००. काही त्रास झाला नाही. फोडणीचे शिंतोडे उडणार नाहीत इतका शेगडीपासून लांब लावलाय. खोका महिनाभर तरी फेकू नका. टीव्ही बदलून घ्यायची वेळ आली तर दुकानदार आधी खोकाच मागतो.