सिनेमा न पाहता जमवलेली पोस्टरं

माझ्याकडे जी पोलिश पोस्टरं आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त सिनेमे मी पाहिलेले नाहीत. काही हंगेरीचे आहेत, काही सोव्हिएत, काही खुद्द पोलंडचे. त्यातले बरेचसे आता कुठे बघायला मिळतील असं वाटतही नाही. घरी आलेल्यांना खण उघडून दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मग ही जमवतेस कशाला?' आज त्याचं उत्तर नीट लिहून ठेवते.

मी पुण्यात एका छापखान्यात प्रीप्रेसचं काम करते. आलेली फाइल तपासायची, रंग वेगळे करायचे, प्लेट काढायची. छापलेला कागद हातात आला की माझी नजर आधी कडेला जाते. रजिस्टर बसलंय का, म्हणजे सगळे रंग एकमेकांवर नेमके पडलेत का, काळा किती भरलाय, कागद कुठल्या जातीचा. पोस्टरांपर्यंत मी पोचले ती याच वाटेनं, आणि या वाटेवर पोलंड लागणारच होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथलं सिनेमाचं वितरण सरकारच्या हातात गेलं. 'फिल्म पोल्स्की' या सरकारी संस्थेनं हेन्रिक तोमाशेव्स्की, एरिक लिपिन्स्की अशा चित्रकारांना पोस्टरं करायला बोलावलं. आमच्या पद्धतीनं करू द्याल तर करू, अशी त्यांची अट होती म्हणतात. तिकीटबारीची चढाओढ नव्हती. नायकाचा चेहरा केवढा आणि नाव कुठल्या आकारात, असले करार चित्रकाराच्या मानगुटीवर बसलेले नव्हते. १९४८ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात एकट्या तोमाशेव्स्कींना पाच पहिली बक्षिसं मिळाली. पुढे यान लेनित्सा, वाल्देमार श्विएझी, रोमान चेश्लेविच, यान म्वोदोझेनेत्स अशी मोठी फळीच उभी राहिली. सेन्सॉर होताच. तरीही सरकारी पैशातून इतकी मोकळी चित्रकला निपजली, याचं मला आजही नवल वाटतं.

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'साठी चेश्लेविचनं १९६३ साली केलेलं पोस्टर बघा. एक कवटी आणि तिच्यावर एकात एक वर्तुळं. नायक जेम्स स्टुअर्ट नाही, नायिका किम नोव्हाक नाही. तरी सिनेमा पाहिलेल्या माणसाला ते बघून पोटात खड्डा पडतो. 'कॅबरे'साठी विक्तोर गुर्कानं १९७३ मध्ये नर्तकीच्या पायांचं स्वस्तिक केलं, नाझींचं. अख्खा सिनेमा, त्यातली मौज आणि तिच्यामागून चालत येणारं संकट, एका आकृतीत. फ्रान्चिशेक स्तारोव्हेइस्की आपल्या कामावर तीनशे वर्षं मागची तारीख टाकायचा. विसाव्या शतकातल्या पोस्टरावर सतराव्या शतकातलं साल. हे सगळं रस्त्यावरच्या भिंतीवर, ट्रामची वाट बघणाऱ्या माणसाला फुकट बघायला मिळत होतं!

यातल्या नावाजलेल्या पोस्टरांच्या मूळ प्रती माझ्या आवाक्यातल्या नाहीत. मी घेते ती फारशी माहीत नसलेल्या सिनेमांची. चित्रकार तेच, हात तोच, फक्त सिनेमा विस्मरणात गेलेला, म्हणून किंमत परवडते. म्वोदोझेनेत्सच्या जाड रेघा आणि हातानं काढलेली अक्षरं मला फार आवडतात. त्याचं पोस्टर दिसलं की मी सिनेमाचं नाव नंतर वाचते.

आता ज्यांना हा नाद लावून घ्यायचाय त्यांच्यासाठी माझ्या धंद्यातली एक गोष्ट. पोस्टर मूळ आहे की नंतर काढलेली नक्कल, हे ओळखायला छापखान्यातलं साधं दहापटीचं भिंग पुरतं. चित्राकडे नका बघू, अक्षरांकडे बघा. मूळ छपाईत अक्षरं सहसा सॉलिड असतात, शाई सलग बसलेली, कड स्वच्छ. नक्कल करणारा छापील पोस्टरच स्कॅन करतो, त्यामुळे अक्षरांचेही डॉट, म्हणजे छपाईतले बारीक ठिपके, होतात आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. मूळ चित्रात फोटो असेल तर जुन्या डॉटांवर नवे डॉट चढतात आणि जाळीसारखी नक्षी उमटते. ती एकदा डोळ्यात बसली की लांबूनही कळते. मग कागद. त्या काळचं पोलिश पोस्टर बहुधा पातळ, स्वस्त कागदावर असतं आणि कडांना पिवळं पडलेलं असतं. पांढराशुभ्र, चकचकीत, जाड कागद दिसला की सावध व्हा.

घड्यांना मात्र घाबरू नका. अमेरिकेत १९८० च्या दशकापर्यंत सत्तावीस बाय एक्केचाळीस इंचांची पोस्टरं घडी घालूनच थिएटरांकडे जायची. तिथल्या वितरकांचा नंबर खाली कोपऱ्यात असतो, त्यावरून सालही कळतं. घड्या इस्त्री करून घालवू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा सुटत नाही आणि कागद आतल्या आत मरतो.

पुण्याच्या पावसाळ्यात खरी लढाई ओल आणि कसर यांच्याशी असते. एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून मी नकाशे ठेवायचं जुनं सपाट खणांचं कपाट घेतलं. दोन पोस्टरांमध्ये आम्लविरहित कागद, खणात सिलिका जेलच्या पुड्या. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही. गणपती झाले, ऊन पडलं की प्रत्येक खण रिकामा करून बघते.

हे करताना आपल्याकडचं आठवतंच. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः केली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे टिकून राहिलेलं सर्वांत जुनं भारतीय पोस्टर मानतात. हिंदी सिनेमांची पोस्टरं करणाऱ्या दिवाकर करकऱ्यांचे सुरीनं ओढलेले रंगाचे फटकारे सत्तरच्या दशकात शहराशहरांत भिंतींवर होते. पण आपली पोस्टरं खळ लावून चिकटवली जायची. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. उरलेला गठ्ठा रद्दीत. पोलंडमध्ये मात्र १९६८ साली वॉर्सातल्या विलानूव राजवाड्यात, जुन्या घोडेस्वारीच्या शाळेत, फक्त पोस्टरांचं संग्रहालय उघडलं. आपल्याकडे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोस्टरं सांभाळली जातात, आणि ते माझ्याच गावात आहे याचा मला अभिमान आहे. तरी करकऱ्यांच्या कामाला कायमची एक भिंत मिळायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

सध्या माझी नजर चेकोस्लोव्हाकियाकडे वळली आहे. साठच्या दशकात झ्देनेक झीग्लर, कारेल वात्सा, मिलान ग्रिगार यांनी फोटो कापून, चिकटवून, उलटसुलट करून जी पोस्टरं केली, ती बघताना माझ्यातली प्रीप्रेसवाली खूश होते. त्यातली बरीच साधारण ए-थ्री आकाराचीही मिळतात. म्हणजे पोस्टर गुंडाळून पाठवायची नळी लहान, टपालखर्च कमी आणि एका खणात दोन बाजूबाजूला मावतात. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनाही मी आता हीच सुचवते.