तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आपल्या बायकांचा इतिहास सोडून नायजेरियातल्या बायकांचा कशाला?’

व्याख्यानानंतर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर बँकेच्या रांगेतही हेच विचारलं गेलं. मी काहीही सोडलेलं नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे मी वीस वर्षं शिकवते आहे.

पण एक तास मला विसरता येत नाही. पुण्यातल्या वर्गात मी फळ्यावर ‘अबा रायट्स, 1929’ लिहिलं आणि गोष्ट सांगायला लागले. नायजेरियाच्या आग्नेयेकडचा, अबा शहराभोवतीचा इग्बो लोकांचा मुलूख, त्यातलं ओलोको गाव. इंग्रजांनी पुरुषांवर कर बसवला, त्याआधी माणसांची मोजणी झाली होती; पुन्हा मोजणी म्हणजे आता कर बायकांवर, अशी भीती होती. अशात वॉरंट चीफ, म्हणजे इंग्रजांनी नेमलेला गावप्रमुख, ओकुगो याचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात आला. ती पामतेल काढत होती. म्हणाला, शेळ्या-मेंढ्या मोज, माणसं मोज. तिने उलट विचारलं, तुझी आई मोजली होती का? झटापट झाली. मग पामची पानं निरोप म्हणून गावोगाव फिरली, हजारो बायका जमल्या. ओकुगोच्या दाराशी गाणी म्हणत ठाण मांडून बसल्या. इग्बो बायका याला ‘पुरुषावर बसणं’ म्हणतात. छळणाऱ्या नवऱ्याच्या झोपडीवर मुसळं आपटायची ही त्यांची जुनीच रीत.

मागच्या बाकावरची नायजेरियन मुलगी उभी राहिली. “मॅम, माझी पणजी त्यात होती. आमच्या घरी रायट म्हणत नाहीत. ओगु उमुन्वान्यी म्हणतात. बायकांचं युद्ध.” आवाज चढला नव्हता. मी डस्टर हातात घेतलं आणि फळा न पुसता तशीच उभी राहिले. बेल होईपर्यंत काय बोलले, आठवत नाही.

माझ्याकडे तेव्हा होती ती पुस्तकं सरकारी कागदांवरच उभी होती, हे खरं. बायकांनी नेटिव्ह कोर्टं, म्हणजे इंग्रजांनी वॉरंट चीफांच्या हाती दिलेली न्यायालयं, जाळली, गोऱ्यांची दुकानं लुटली, हेही खरं. पण 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्याला इंग्रजांनी ‘डेक्कन रायट्स’ म्हटलं, म्हणून दरवर्षी मुलांसमोर संतापणारी मीच ना? तो शब्द आपल्यावर आला की मला बोचत होता. दुसऱ्यांच्या पणज्यांवर मी तो सहज चिकटवला, छापील लेखातसुद्धा ‘अबाची दंगल’ म्हणून. नायजेरिया माझ्या मागे लागला तो तेव्हापासून.

मग ‘युद्ध’ लिहावं? पण त्याच मुलखाजवळच्या ओपोबो गावी 16 डिसेंबरला गोळ्या एकाच बाजूने, इंग्रजांच्या शिपायांकडून, सुटल्या. सगळ्या प्रकरणात 50हून अधिक बायका मेल्या. युद्ध म्हटलं की दोन फौजा डोळ्यांपुढे येतात, आणि गोळी घालणाऱ्याला आडोसा मिळतो. त्या मुलीला मी हे बोलून दाखवलं असतं, तर तिने ऐकून घेतलं असतं का? तिच्या घरचा शब्द तोलणारी मी कोण?

लेखसंग्रहाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं टेबलावर आहेत. त्या शीर्षकावर मी तीनदा काट मारली आहे.