तुम्ही विचारलंत म्हणून: ते पिवळं घर

"कुरासावचं एवढं गोड घर सोडलंत कसं?" माझा जुना फोटो पाहिला की प्रत्येक जण हेच विचारतो. आज एकदाच सांगते.

घर कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाच्या राजधानीतलं, विलेमस्टाडच्या ओत्रोबांदा भागातलं, भाड्याचं. पांढऱ्या भिंतींवरचं ऊन डोळ्यांत जातं, डोकं दुखतं म्हणून १८१७ साली तिथल्या डच गव्हर्नर किकर्टने पांढऱ्या घरांवर बंदी घातली. रंगाच्या धंद्यात त्याचाच हिस्सा होता, असंही तिथे सांगतात. ही गोष्ट मी पाहुण्यांना हौसेने सांगायचे. रंगाखाली काय आहे, ते मात्र कधी विचारलं नाही.

रंगाखाली प्रवाळाचा दगड आणि समुद्राची वाळू घातलेला चुना. म्हणजे मीठ मुळातच भिंतीत. एका डिसेंबरात, पावसानंतर, जिन्याखालच्या भिंतीवर पांढरी लव फुटली. आई येणार होती. घरमालकीण म्हणाली, थांब, चुन्याचं काम करणारा गवंडी बोलावते. मला धीर धरवला नाही. भिंत खरवडून सिमेंट थापलं, वर हळदीसारख्या पिवळ्या प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले. तुम्ही पाहता तो फोटो त्याच आठवड्यातला.

आई परतली आणि तीन महिन्यांत रंगाला फोड आले. बोट दाबलं की आत ओलं पीठ. एका रात्री धप्प आवाज झाला. सकाळी परातीएवढा गिलावा खाली पडलेला, आणि त्याला चिकटून दगडाचा पापुद्राही सुटून आलेला. ओलीला बाहेर पडायची वाट मीच बुजवली होती. म्हातारी घरमालकीण आली, भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावलं. "सालू," म्हणाली. मीठ. मग खाली वाकून एकेक तुकडा वर्तमानपत्रात बांधून घेऊन गेली.

मला माहीत नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. रत्नागिरीकडचं आमचं आजोळ जांभ्याचं. पावसाळा सरला की आजोबा भिंतींना चुन्याचाच हात देत. मी बादली धरायचे.

तरी तेव्हाची मी अजून भांडते: शहर १९९७ पासून जागतिक वारसा आहे, म्हणून भाडेकरूने ओलीत राहायचं का? भाडं भरत होते ना मी? यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

पण घर ओलीमुळे सोडलं नाही. करार संपताना घरमालकिणीने अनामत पूर्ण परत केली आणि आणखी वर्षभर राहतेस का, असं विचारलं. मला हो म्हणता आलं नाही.