दोन-तीन सेकंदांची खडखड

मेकॅनिकने माझ्या गाडीच्या इंजिनाखालच्या ऑइल पॅनमधल्या जाळीतून चिमट्याने एक तपकिरी तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा. जरा दाबला, तर बिस्किटासारखा मोडला.

टायमिंग चेनचं गाइड. म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी जिच्यावरून सरकते, ती पट्टी. प्लास्टिकच ते, २० वर्षं गरम तेलात उकडलेलं. चेन मात्र पोलादी, ठणठणीत!

आता या व्ही-८ मध्ये, आठ सिलिंडरच्या इंजिनात, चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. म्हणजे वीतभर प्लास्टिकसाठी अख्खं इंजिन बाहेर.

"आवाज कधीपासून येतोय?"

"दोन हिवाळे झाले."

तो काही बोलला नाही. जाळी उजेडात धरली फक्त. पंप तेल ओढतो ते हिच्यातूनच, आणि अर्धी भोकं बुजलेली.

सकाळी दोन-तीन सेकंद खडखड, मग तेलाचा दाब आला की टेन्शनर चेन ताणतो, सगळं गप्प. तिथेच फसलो. थंडी आहे, म्हणायचो.

तिसरा हिवाळा निघाला असता का?