लाइपझिगच्या एका मंडळीतला नाताळ

लाइपझिगला आल्यावर पहिल्याच वर्षी, जर्मन भाषा जरा सुधारावी एवढ्याच हेतूने, मी घराजवळच्या ल्यूथरन चर्चच्या गायकवृंदात नाव घातले. स्वरलिपी मला जेमतेम वाचता येत होती आणि माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता; तो आजही झालेला नाही. कांटोर, म्हणजे चर्चच्या संगीताची सगळी जबाबदारी सांभाळणाऱ्या बाई, यांनी पहिल्या गोष्टीबद्दल दोन प्रश्न विचारले, दुसरीबद्दल एकही विचारला नाही, आणि मला आल्टो, म्हणजे खालच्या, स्वरात गाणाऱ्या बायकांच्या दुसऱ्या रांगेत उभे केले. तेव्हापासून चार नाताळ मी त्या रांगेतून पाहिले आहेत. प्रेक्षकाच्या बाकावरून दिसणारा नाताळ आणि गायकवृंदाच्या रांगेतून दिसणारा नाताळ यांत बराच फरक असतो, आणि मला सांगायचे आहे ते या दुसऱ्या नाताळाविषयी.

मंडळी (एका चर्चची माणसे), पाळक (त्यांचे धर्मगुरू), उपासना, आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे), प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) हे मराठी ख्रिस्ती समाजाने घडवलेले शब्द मी येथे वापरत आहे. जर्मन शब्दांचे भाषांतर करण्याच्या खटपटीत असताना हे शब्द हाताशी आले आणि माझे काम फार सोपे झाले. ‘मंडळी’ हा तर मूळ जर्मन शब्दापेक्षाही मला जवळचा वाटतो, कारण त्यात संस्था आणि माणसे एकदमच येतात.

लाइपझिगमध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३९ साली सेंट थॉमस चर्चमध्ये प्रवचन दिले आणि शहर त्याच्या पंथाचे झाले, हा इतिहास असला तरी आजच्या लाइपझिगमधले बहुसंख्य लोक कोणत्याच चर्चचे सभासद नाहीत. पूर्व जर्मनीच्या, म्हणजे साम्यवादी राजवटीच्या, काळात चर्चशी संबंध ठेवणाऱ्या कुटुंबातील मुलांना पुढच्या शिक्षणाचे दरवाजे अनेकदा बंद होत असत, त्यामुळे सभासदत्व ही तेव्हा सोयीची गोष्ट नव्हती. त्याच शहरातील सेंट निकोलस चर्चच्या सोमवारच्या शांतिप्रार्थनांमधून त्या राजवटीविरुद्धची १९८९ सालची निदर्शने उभी राहिली, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्या मंडळीतील वयस्क माणसे त्याविषयी आपण होऊन फारसे बोलत नाहीत. त्यांच्यात मला जाणवते ती संख्येने थोडे असण्याची सवय. दहा जण असले तरी दहा जणांनी करायची कामे ठरलेली असतात, आणि ती करायची असतात.

ही कामे आगमनकाळाच्या आधीच सुरू होतात. चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू न होता नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते, आणि त्याच्या आदल्या रविवारी, म्हणजे जुन्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी, त्या वर्षात मंडळीतून निधन पावलेल्या प्रत्येकाचे नाव उपासनेत वाचले जाते व प्रत्येक नावासाठी एक मेणबत्ती लावली जाते. गेल्या वर्षी माझ्या शेजारी उभ्या असणाऱ्या बाईंच्या यजमानांचे नाव त्या यादीत होते. त्या नावानंतरचे गीत त्यांनी पूर्ण म्हटले, आणि सूर कुठेही ढळू दिला नाही. पुढच्याच मंगळवारी तालमीला आम्ही नाताळाची गीते उघडली. हा क्रम प्रथम मला कठोर वाटला होता. आता वाटत नाही.

आगमनकाळ हा खरे तर संयमाचा काळ आहे. वेदीवरचे वस्त्र जांभळे असते, पांढरे वस्त्र नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कपाटातच राहते, आणि एरवी रविवारच्या उपासनेत म्हटले जाणारे देवदूतांचे गौरवगीत या चार रविवारी वगळले जाते. बाहेर शहरातल्या बाजारात मात्र याच दिवसांत मसालेदार गरम वाइन, खमंग भाजलेले बदाम आणि सतत वाजणारी नाताळची गाणी यांची रेलचेल असते. म्हणजे शहराचा सण चर्चच्या आधी सुरू होतो आणि चर्चचा सुरू होतो तेव्हा शहराचा संपत आलेला असतो. या विसंगतीची तक्रार आमचे पाळक दरवर्षी एकदा करतात आणि तेही त्याच बाजारात भेटतात.

चर्चच्या दाराशी हेर्नहूटचा तारा टांगला जातो. अनेक टोकदार सुळके एकत्र जोडून केलेला हा कागदी तारा आमच्या सॅक्सनी राज्यातल्याच हेर्नहूट बंधुसंघ या प्रॉटेस्टंट पंथाच्या शाळेत, मुलांना भूमिती शिकवताना एकोणिसाव्या शतकात तयार झाला. आत वेदीजवळ हिरव्या फांद्यांचे वर्तुळ आणि चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक अधिक पेटते. ही पद्धत फार प्राचीन असावी असे मी समजत होते, परंतु ती १८३९ साली हाम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न या धर्मशिक्षकाने निराधार मुलांच्या वसतिगृहात सुरू केली. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारत, म्हणून त्याने एका चाकावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. थोडक्यात, हे मुलांचे दिनदर्शक होते.

याच कल्पनेचा आजचा विस्तार म्हणजे आमच्या वस्तीतले ‘जिवंत आगमनदिनदर्शक’. डिसेंबरच्या प्रत्येक संध्याकाळी मंडळीतले, आणि कधी मंडळीबाहेरचेही, एक घर आपली खिडकी सजवते. सहा वाजता ती उघडते. बाहेर अंगणात किंवा पदपथावर जमलेले पंधरा-वीस लोक दोन गीते म्हणतात, कोणीतरी एक गोष्ट वाचते, आणि मग हातमोजे न काढता चहा पितात. येथे डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सहा वाजता पूर्ण अंधार असतो. शेजारी कोण राहते हे मला वर्षभरात कळले नव्हते ते या खिडक्यांमुळे कळले. एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी खिडकी उघडली आणि आपल्याला गाता येत नाही असे सांगून तुतारीवर एक गीत वाजवले. ते चर्चला कधीच येत नाहीत.

गायकवृंदासाठी डिसेंबर म्हणजे बाखची नाताळची संगीतकथा. योहान झेबास्टिआन बाख १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत याच शहरात सेंट थॉमसचा कांटोर होता, आणि ही रचना त्याने १७३४च्या नाताळासाठी सहा भागांत केली. ते सहा भाग एका बैठकीत ऐकण्यासाठी नव्हते. पहिला २५ डिसेंबरला, दुसरा व तिसरा त्यापुढच्या दोन दिवशी, चौथा १ जानेवारीला, पाचवा त्यानंतरच्या रविवारी आणि सहावा ६ जानेवारी १७३५ रोजी, असे ते उपासनेतच वाजले. आज मात्र शहरभर ते आगमनकाळातच मैफल म्हणून सादर होतात. गंमत अशी की बाखच्या लाइपझिगमध्ये आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारपासून चौथ्यापर्यंत चर्चमध्ये वाद्यवृंदासह संगीत होतच नसे. शांततेच्या त्या तीन आठवड्यांनंतर पहिल्या भागाच्या आरंभीचे नगारे कसे वाजले असतील याची कल्पना करावी, असे आमच्या कांटोरबाई सांगतात, आणि लगेच आम्हाला तालीम चुकवू नका असेही सांगतात.

आम्ही अवघे तीस जण आहोत, त्यातले चार पुरुष तार स्वराचे आणि त्यांपैकी एकाला दरवर्षी नेमका डिसेंबरमध्ये खोकला होतो. त्यामुळे आम्ही फक्त पहिला भाग करतो. त्यातले एक साधे समूहगीत मला सर्वांत अवघड जाते. तुझे स्वागत मी कसे करू, असा प्रश्न त्यात येणाऱ्या बालकाला विचारला आहे, परंतु बाखने त्याला दिलेली चाल ही क्रूसावरच्या दुःखसहनाच्या गीताची म्हणून ओळखली जाणारी आहे. मंडळीतल्या माणसांना ती चाल लहानपणापासून पाठ असते. शब्द आनंदाचे आणि चाल शुभ शुक्रवारची, म्हणजे ख्रिस्ताच्या मृत्युदिनाची, हे त्यांना सांगावे लागत नाही. मला ते तिसऱ्या वर्षी कळले.

२४ डिसेंबर. दुकाने दुपारी बंद होतात, ट्रामची वर्दळ मंदावते, आणि वर्षभर चाळीस-पन्नास माणसे बसणाऱ्या आमच्या चर्चमध्ये तीनच्या उपासनेला उभे राहायलाही जागा मिळत नाही. ही उपासना मुलांच्या नाटकाची. मेंढपाळ, देवदूत, उतारशाळेचा मालक, गव्हाण. गेल्या वर्षी जागा नाही म्हणून योसेफ व मरिया यांना परतवून लावण्याचे काम असलेल्या सहा वर्षांच्या मालकाला दया आली आणि त्याने त्यांना आत बोलावले. नाटक पुढे न्यायला मुख्य देवदूताला मध्ये पडावे लागले. या नाटकांना जुना आधार आहे. ल्यूथरने आपल्या मुलांसाठी लिहिलेले आणि १५३५ साली छापलेले नाताळचे गीत मुळातच नाट्यमय आहे, त्याची पहिली कडवी देवदूताच्या तोंडची आहेत आणि पुढची ऐकणाऱ्यांची. आजच्या गीतसंग्रहात ते २४व्या क्रमांकावर आहे.

क्रमांकांचा उल्लेख सहज केला नाही. उपासनेत कोणती गीते आहेत हे कोणी सांगत नाही. भिंतीवरच्या लाकडी फळीवर गीतांचे आणि कडव्यांचे आकडे लावलेले असतात आणि ऑर्गनने सुरुवात केली की लोक गायला लागतात. पहिल्या वर्षी ते आकडे बायबलमधल्या वचनांचे आहेत असे समजून मी शेजारच्या बाकावरचे बायबल उघडून बराच वेळ शोधत राहिले. शेवटी मागच्या आजोबांनी काही न बोलता माझ्या हातातले पुस्तक काढून घेतले आणि योग्य पानावर उघडलेले गीतांचे पुस्तक दिले. ल्यूथरन उपासनेचा मर्म मला त्या क्षणी समजला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु नंतर विचार करताना असे वाटले की या पंथाने सामान्य माणसाच्या हातात त्याच्या भाषेतले दोन ग्रंथ, बायबल आणि गीतसंग्रह, दिले, आणि आज नाताळच्या संध्याकाळी आत येणारा परका माणूस त्यातल्या दुसऱ्यालाच हात घालतो.

पाचची उपासना गायकवृंदाची. लूकलिखित शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची कथा, ल्यूथरच्या भाषांतरात वाचला जातो, आणि ते जुने वळणदार वाक्य सुरू झाले की चर्चला कधीही न येणारे लोकही ओठ हलवताना दिसतात. या संध्याकाळचे दान ‘ब्रोट फ्युअर दी वेल्ट’ या, १९५९ पासून उपासमारीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला जाते. एरवी मंडळीचा खर्च चर्चकरावर चालतो. सॅक्सनीत सभासदाच्या आयकराच्या ९ टक्के इतका हा कर आहे, म्हणजे उत्पन्नाच्या नव्हे, कराच्या. आणि तो सरकार वसूल करून चर्चला देते. मी सभासद नसल्यामुळे मला तो लागू नाही. याचा मला थोडा संकोच वाटतो, म्हणून खुर्च्या मांडणे आणि पुस्तके गोळा करणे ही कामे मी स्वतःकडे घेतली आहेत.

आशीर्वादानंतर दिवे मालवले जातात, नाताळच्या झाडावरचे तेवढे राहतात, आणि सगळे उभे राहून ‘ओ डू फ्र्योलिशे’ गातात. या गीताची हकिकत मला बास, म्हणजे खर्जातला स्वर, गाणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितली. वाइमारच्या योहानेस डानिएल फाल्कची चार मुले १८१३ साली साथीच्या तापाने दगावली. त्या युद्धवर्षात अनाथ झालेल्या मुलांना त्याने आपल्या घरी घेतले, आणि त्यांच्यासाठी सिसिलीतल्या एका चालीवर हे गीत रचले. त्याचे मूळ गीत नाताळ, पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) आणि पेंटेकोस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) या तिन्ही सणांसाठी एकेक कडव्याचे होते. नाताळची उरलेली कडवी पुढे त्याच्या एका सहकाऱ्याने लिहिली. त्या अंधारात सातशे माणसे एकदम गातात तेव्हा गायकवृंदाची काहीच गरज उरत नाही. आम्ही वरच्या सज्जातून चार स्वरांत गातो, पण खालचा आवाज आमच्यापेक्षा मोठा असतो, बेसूरही असतो, आणि कांटोरबाई त्या एका गीतापुरते आमच्याकडे न पाहता खाली पाहत असतात.

मला मात्र २६ तारखेची उपासना अधिक आवडते. जर्मनीत नाताळाचे दोन्ही दिवस सुट्टीचे असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये तीसपेक्षा कमी माणसे असतात, कोट अंगातच ठेवून बसलेली. त्या दिवशी प्रवचन छोटे असते आणि लोकांनी हवे ते गीत मागायचे असते. कोणी क्रमांक पुकारतो, ऑर्गनवादक पाने चाळतो. नंतर प्रभुभोजनासाठी सगळे वेदीभोवती अर्धवर्तुळात उभे राहतात. मी भाकर आणि द्राक्षरस घेत नाही. पाळक माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि पुढच्या माणसाकडे जातात. अर्धवर्तुळातून वगळले गेल्याची भावना मला तिथे कधी आली नाही.

६ जानेवारीला सॅक्सनीत सुट्टी नसते, म्हणून त्या दिवसाची उपासना संध्याकाळी होते. पूर्वेकडून आलेल्या ज्ञान्यांची गोष्ट वाचली जाते, झाडावरचे कागदी तारे उतरवले जातात. त्यानंतर एवढे मोठे दगडी चर्च तापवणे परवडत नाही म्हणून रविवारच्या उपासना मार्चपर्यंत शेजारच्या मंडळीगृहातल्या खोलीत होतात. यंदा त्या संध्याकाळी आम्ही पाच जणांनी गीतसंग्रहाच्या साठ प्रती, वेदीचे वस्त्र आणि आकड्यांची लाकडी पेटी तिकडे हलवली. पेटीत एक नऊ कमी निघाला. मागच्या आजोबांनी एक सहा उलटा लावून पाहिला आणि चालेल असे ठरवले.