चिपटं, मापटं आणि मुक्कालु

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मी पाचवीला गणित शिकवते. अपूर्णांक आले की माझं ठरलेलं: फळ्यावर भाकरी काढायची, चार भाग करायचे, तीन रंगवायचे. यंदा मागून एकजण म्हणाला, "टीचर, भाकरी कोण असं कापतंय?" वर्ग हसला. खरंच होतं की. भाकरी आपण मोडतो.

दुसऱ्या दिवशी पोरांना घरातली जुनी मापं आणायला सांगितली. आमचा भाताचा मुलूख. माळ्यावरून शेर, मापटी, चिपटी निघाली. मी घरचा तांदूळ नेला, खाली पोतं अंथरलं. दोन चिपट्यांत मापटं भरलं, दोन मापट्यांत शेर. "म्हणजे चिपटं पाव शेर!" हे मी सांगितलं नव्हतं. पण एकीनं चिपटं शिगोशीग भरलं, दुसऱ्यानं हातानं सपाट केलं, आणि शेर काही जुळेना. शीग धरायची की नाही यावर दहा मिनिटं कडाक्याचं भांडण. मी मध्ये पडले नाही. 'समान भाग' हा शब्द मी इतकी वर्षं फळ्यावर नुसताच लिहीत आले होते.

मग तीन चिपटी ओतली. मी म्हटलं, पाऊण शेर. पाव उणा तो पाऊण. एक मुलगा म्हणाला, "बाजारात मुक्कालु म्हणतात." त्याचा बाप आठवडी बाजारात भाजी विकतो, अर्धं गिऱ्हाईक कन्नड. कालु म्हणजे पाव, मूरु म्हणजे तीन. मुक्कालु म्हणजे तीन पाव. मराठी एकातून पाव काढते, कन्नड तीन पाव जोडते, माप तेच. इतकी वर्षं दोन्ही भाषा ऐकून मला हे सुचलं नव्हतं.

कर्नाटकात पहिली ते तिसरीला 'नलि-कलि' हे कृतीतून शिकणं आहे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालं. नलि म्हणजे आनंदानं बागड, कलि म्हणजे शीक. तिथं कार्डं असतात, कोण कुठवर शिकलं ते दाखवणारी शिडी असते, गट असतात. चौथीत गेलं की पोरं पुन्हा रांगेत बसतात, हे मला कधी पटलेलं नाही.

सोमवारी एका मुलीनं चिपट्याहून लहान माप आणलं. आजीनं पाठवलेलं. "टीचर, हे कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं." कुणीतरी विचारलं, मग शेराचं कितवं? ती बोटं मोडत बसली नाही, सरळ फळ्याकडे गेली आणि १/८ लिहून परत जागेवर आली. तांदूळ अजून पोत्यावरच होता.